रोडॉप्सिन जांभळं की किरमिजी?

दारव्ह्याकडच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. मुलांसाठी डोळ्यावर टिपण लिहिताना रोडॉप्सिनला, म्हणजे डोळ्यातल्या उजेड शोषणाऱ्या प्रथिनाला, 'दृष्टिजांभळा' म्हटलं तर चालेल का? आणि गावात सगळे 'रातांधयं' म्हणतात, ते लिहावं की 'रातांधळेपणा'च?

दुसरं सोपं आहे. वऱ्हाडीत ळ चा य होतो. डोया, काया, तसंच हे. टिपणात 'रातांधळेपणा' लिहा, वर्गात बिनधास्त 'रातांधयं' म्हणा.

'दृष्टिजांभळा' मात्र मला पटत नाही. तो इंग्रजी 'व्हिज्युअल पर्पल'वरून आला, आणि त्या नावामागे जर्मन 'पुर्पुर' आहे. फ्रान्झ बोल या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये पाहिलं की बेडकाच्या दृष्टिपटलाचा तांबडा रंग उजेडात उडून जातो. पुढे विल्हेल्म क्यूनेने पित्तक्षार वापरून ते द्रव्य वेगळं काढलं. जर्मन पुर्पुर लालाकडे झुकतो, म्हणजे आपला किरमिजी. आपला जांभळा झाडाच्या जांभळावरून आलेला, निळ्याकडे झुकणारा. शिवाय 'रोडॉप्सिन'मधला 'रोडॉन' म्हणजे ग्रीकमध्ये गुलाब! नावातच रंग सांगितलाय.

आता हा रंग येतो कुठून? दृष्टिपटलात मंद उजेडासाठी दंडाकार पेशी असतात, त्यांतलं हे प्रथिन सुमारे ५०० नॅनोमीटरचा, निळसर हिरवा उजेड सर्वांत जास्त शोषतं. उरतो तो मुख्यतः तांबडा, सोबत थोडी जांभळट झाक. लाल अंबाडीच्या बोंडांचं पातळ सरबत डोळ्यांपुढे आणा, साधारण तसा. उजेड पडला की तो पिवळट होतो, मग फिका.

हे घडवतो प्रथिनात बसलेला छोटा रेणू, रेटिनल. ऑप्सिन नावाच्या प्रथिनात तो वाकडा बसलेला असतो; उजेड लागताच सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आत सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाची सुरुवात होते. मग रेटिनल सुटतो आणि पुन्हा वाकडा होऊन परत येईपर्यंत ते प्रथिन कामाचं नसतं. जागलीला गेलेल्याच्या डोळ्यांवर कोणी टॉर्च मारला, तर अंधाराला डोळे पुरते सरावायला अर्धा तास सहज जातो, तो यामुळे. (टॉर्चला लाल कागद लावला तर बराच फरक पडतो, तांबडा उजेड रोडॉप्सिन फारसा शोषत नाही.)

रेटिनल बनतो जीवनसत्त्व अ पासून. ते कमी पडलं की रोडॉप्सिन पुरेसं तयार होत नाही, आणि दिवस बुडाला की दिसेनासं होतं. शेवग्याचा पाला, अंबाडीची भाजी, पपई यांतल्या कॅरोटीनपासून शरीर हे जीवनसत्त्व बनवतं. पण कॅरोटीन अंगी लागायला तेल हवं, म्हणून भाजीला फोडणी द्यावीच.

तेव्हा 'रोडॉप्सिन'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'किरमिजी रंगाचं, उजेड शोषणारं प्रथिन' एवढं जोडा. 'दृष्टिकिरमिजी' असला बोजड शब्द घडवू नका. आणखी एक जपा: इंग्रजीत 'रेटिनल' हे विशेषणही आहे, त्याचं 'दृष्टिपटलीय' करतात. रेणूच्या नावाला ते लावलं तर 'दृष्टिपटलीय वाकडा होतो' असलं वाक्य मुलांच्या वहीत उतरेल.