मोबाइलमधला पेरिस्कोप आणि पाणबुडीतला पेरिस्कोप एकच असतो का?

तुम्ही विचारलंय की फोनच्या जाहिरातीत पेरिस्कोप कॅमेरा म्हणतात तो पाणबुडीतलाच का. तत्त्व तेच आहे, पण पूर्ण तोच नाही. पेरिस्कोप म्हणजे आडोशाला राहून पलीकडचं बघायचं साधन, पुस्तकात परिदर्शी म्हणतात. त्याचं काम प्रकाशाची वाट वळवायची, बस. लांबचं जवळ दिसतं ते भिंगांमुळे, आणि लोकांचा घोळ नेमका इथेच होतो.

मी नाशिकला सुट्टीत मुलांकडून पुठ्ठ्याचे पेरिस्कोप करून घेतो. उभी चौकोनी नळी, वर पुढच्या बाजूला एक खिडकी, खाली मागच्या बाजूला दुसरी, आणि आत दोन आरसे ४५ अंशात तिरके, एकमेकांना समांतर, चकाकी समोरासमोर. गणपती मिरवणुकीत मेनरोडला गर्दीच्या मागे उभं राहून पोरं ढोलपथक बघतात त्यातून, आणि समोरच्या दुकानांच्या पाट्यासुद्धा सरळ वाचता येतात कारण एका आरशाने उलटं केलेलं दुसरा परत सुलटं करतो. फक्त नळी जास्त लांब केली की दिसणारा भाग अगदी बारीक होत जातो.

पाणबुडीची नळी तर कित्येक मीटरची, म्हणून तिथे आत ओळीने भिंगं बसवतात आणि आरशांच्या जागी प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारे काचेचे लोलक. पहिल्या महायुद्धात खंदकातले सैनिक मात्र आरशांचेच साधे पेरिस्कोप वापरायचे, डोकं वर काढलं की गोळी यायची ना. आता नवीन पाणबुड्यांत वरती कॅमेरे असतात आणि आत स्क्रीनवर बघतात, डोळा लावायची गरजच नाही.

फोनमध्ये अडचण जाडीची आहे. जास्त झूमच्या लेन्सला लांबी लागते आणि फोन जेमतेम ८-९ मिलिमीटर जाड, मग मागच्या खिडकीआड प्रिझम ठेवून प्रकाश काटकोनात वळवतात आणि भिंगं आडवी झोपवतात. २०१९ च्या हुआवे पी३० प्रोमध्ये असाच ५ पट झूम होता, त्याची ती खिडकी चौकोनी आहे, बाकीच्या गोल. बऱ्याच फोनमध्ये प्रकाश एकदाच वळतो, त्यामुळे माझ्या मते तो अर्धाच पेरिस्कोप.

फोन घेताना पेरिस्कोप शब्दावर जाऊ नका, ऑप्टिकल झूम, म्हणजे भिंगांनी होणारा झूम, किती पट आहे ते विचारा, कारण डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा केलेला असतो.