जबरी चोरीचा खटला हाती घेताना

प्रिय तरुण सहकारी,

सरकारी वकील म्हणून जबरी चोरीचा पहिला खटला तुमच्याकडे आला आहे आणि दोषारोपपत्र भक्कम दिसते, असे तुम्ही कळवले आहे. माझे सांगणे असे की, लूट झाली हे दाखवण्यातच सगळी शक्ती खर्च करू नका. त्याबद्दल बचाव पक्ष फारसे भांडत नाही. असे खटले बहुधा आरोपीच्या ओळखीवर टिकतात किंवा कोसळतात.

तरीही गुन्ह्याचे घटक आधी तपासा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 309 प्रमाणे चोरी करण्यासाठी, ती करताना किंवा माल घेऊन जाताना, त्याच हेतूने इजा केली, अडवून धरले किंवा तत्काळ इजेची भीती घातली, तरच ती जबरी चोरी ठरते. (घटना 1 जुलै 2024 पूर्वीची असेल, तर भारतीय दंड संहितेची कलमे 390 आणि 392 लागू होतील.) माल टाकून पळणाऱ्याने केवळ सुटकेसाठी दगड मारला असेल, तर चित्र बदलते. म्हणून चाकू केव्हा दाखवला आणि पिशवी केव्हा ओढली, हा क्रम सरतपासणीत, म्हणजे तुम्ही स्वतः घेतलेल्या साक्षीत, फिर्यादीच्या तोंडून स्पष्टपणे येऊ द्या.

आता ओळखीकडे या. आरोपी अनोळखी होता, वेळ रात्रीची होती, तर उजेड कुठून येत होता, चेहऱ्यावर रुमाल होता का, किती वेळ तो समोर होता आणि पहिल्या फिर्यादीत त्याचे वर्णन आले आहे का, हे प्रश्न बचावाच्या वकिलाआधी तुम्ही स्वतःला विचारा. ओळखपरेडचा, म्हणजे आरोपीला इतर लोकांत उभे करून साक्षीदाराला ओळखायला लावण्याच्या प्रक्रियेचा, पंचनामा बारकाईने वाचा: ती अटकेनंतर किती दिवसांनी झाली, सोबत उभे केलेले लोक वयाने आणि बांध्याने आरोपीसारखे होते का, आणि त्यापूर्वी साक्षीदाराला पोलीस ठाण्यात आरोपी किंवा त्याचे छायाचित्र दिसले होते का. मूळ पुरावा म्हणजे न्यायालयात साक्षीदाराने पटवलेली ओळख. परेड तिला केवळ दुजोरा देते. परंतु घटनेनंतर दीड-दोन वर्षांनी, पिंजऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या माणसाकडे पहिल्यांदाच बोट दाखवले गेले, तर त्या ओळखीवर न्यायाधीशांनी का विसंबावे, याचे उत्तर तुमच्याकडे असले पाहिजे.

ओळख कच्ची असेल, तेव्हा जप्तीचा आधार लागतो. आरोपीने पोलिसांना केलेल्या निवेदनातला ‘मोबाइल पत्र्याखाली ठेवला आहे, काढून देतो’ हा भाग भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 च्या परंतुकानुसार, म्हणजे त्यातल्या अपवादानुसार, ग्राह्य धरता येतो. ‘मी लुटला’ हा भाग नाही. ही सीमारेषा ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, प्रिव्ही कौन्सिलने, पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात आखून दिली आहे. पंच फितूर झाला म्हणून जप्ती आपोआप खोटी ठरत नाही, मात्र मग तपासी अंमलदाराची साक्ष उलटतपासणीत डगमगता कामा नये. जप्त मोबाइल फिर्यादीचाच आहे, हे खरेदीच्या बिलावरून आणि आयएमईआय या हँडसेटच्या ओळख क्रमांकावरून जुळवा. माल लुटीनंतर लगेच सापडला, तर तो आरोपीनेच चोरला किंवा चोरीचा आहे हे जाणून घेतला, असे त्याच अधिनियमाच्या कलम 119 खालचे अनुमान मागता येते. काही महिन्यांनी सापडला, तर आरोपीने तो दुसऱ्याकडून घेतला असण्याची शक्यता उरते, आणि ती प्रामाणिक शंका आहे.

सीसीटीव्हीचे चित्रण दुसऱ्या साधनावर उतरवून आणले असेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम 63 मधील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारे प्रमाणपत्र आजच शोधा. त्याची अनिवार्यता सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात 2020 मध्ये, पूर्वीच्या पुरावा कायद्यातील कलमाखाली, ठामपणे सांगितली आहे.

शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा 1973 चा निकाल मुळातून वाचा. आरोपी दोषी ‘असू शकेल’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांतले अंतर मोठे आहे, हे तो बजावतो. त्याच वेळी, ओढूनताणून काढलेल्या प्रत्येक शंकेचा फायदा देत सुटण्यालाही तो विरोध करतो. वाजवी संशयापलीकडचा पुरावा म्हणजे गणिती खात्री नव्हे, एवढे तुमच्या युक्तिवादात नक्की यावे.

आणि चोरी शाबीत झाली, पण बळाचा वापर शाबीत झाला नाही, असे साक्षी संपल्यावर दिसले, तर तसे न्यायालयाला सांगा आणि चोरीपुरतीच शिक्षा मागा. मोठ्या आरोपात सामावलेल्या लहान गुन्ह्यासाठी दोषी ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

आपला,
एक ज्येष्ठ सहकारी