रात्री दचकून जाग येते, मग?

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी कसारा घाटात आमच्या गाडीला अपघात झाला. कुणाला फारसं लागलं नाही. पण आठवड्यातून तीन-चारदा तेच स्वप्न पडतं. ब्रेक लागत नाही आणि मागच्या सीटवर मुलं. दरदरून घाम फुटून उठते, मग उजाडेपर्यंत मोबाइल बघत पडते. हे म्हणतात, विसरून जा. (वय ३६, नाशिक)

विसरून जा म्हटल्यावर विसरता आलं असतं तर तुम्ही पत्र कशाला लिहिलं असतं? जाग आली तरी शरीर अजून घाटातच असतं. तेव्हा मनाची समजूत घालत बसू नका. छोटा दिवा लावा, पाय गार फरशीवर टेकवा आणि पुटपुटत स्वतःला सांगा : ही माझी खोली, हा पंखा, मुलं पलीकडे झोपलीत. श्वास घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लावा, पाचेक मिनिटं. रामरक्षा पाठ असेल तर खुशाल म्हणा. ओळ एका दमात म्हणताना श्वास आपोआप संथ सुटतो. मोबाइल नको आणि घड्याळही नको. तीन वाजलेत हे कळलं की उरलेल्या झोपेचा हिशेब सुरू होतो. बराच वेळ डोळा लागला नाही तर बाहेर मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या.

खरं काम दिवसा करायचं. वहीत ते स्वप्न लिहा आणि वाटेल तिथून बदला. ब्रेक लागला, गाडी कणीसवाल्यापाशी थांबली, मुलं लिंबू-मीठ चोळलेली कणसं खातायत. ते पटण्यासारखं असायची गरज नाही. माझ्याकडे येणाऱ्या एकीने गाडीला पंख लावले होते, चाललं. हा नवा शेवट रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून बघायचा. या पद्धतीला इमेजरी रिहर्सल म्हणतात. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांवरचा तिचा अभ्यास अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भयस्वप्नं कमी झालेली दिसली. काही आठवडे नेटाने करा. मात्र गाडीत बसायलाच नको वाटत असेल, हॉर्न वाजला तरी दचकायला होत असेल, तर एकट्याने झुंजू नका, मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर (१४४१६) फोन करून बोलताही येतं.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा. झोपल्यावर तासाभरात किंचाळत उठून बसतो. डोळे उघडे, पण आम्हाला ओळखत नाही. सकाळी विचारलं तर काहीच आठवत नाही. आजी दृष्ट काढतात.

हे स्वप्न नव्हेच, हा गाढ झोपेतला ‘नाइट टेरर’. घाबरता ते तुम्ही. त्याला पत्ताही नसतो. हलवून जागं करू नका, त्याने तो अधिक बिथरतो. पडणार नाही एवढं बघा, काही मिनिटांत आपोआप आडवा होईल. अपुरी झोप आणि ताप यांनी हे वाढतं, म्हणून रोज अर्धा तास लवकर झोपवून बघा. बहुतेक मुलांचं वाढत्या वयात थांबतं. हातपाय आखडत असतील, झटके येत असतील, तर मात्र मोबाइलवर व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आजींना मीठ-मोहरी ओवाळू द्या, फक्त संध्याकाळी.

प्रश्न : बीपीची गोळी बदलल्यापासून बाबांना भयंकर स्वप्नं पडतात. योगायोग?

नसावा. मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारख्या गोळ्यांनी असं होऊ शकतं. डॉक्टरांना सांगा, ते पर्याय देतील. गोळी मनाने बंद करू नका. ती अचानक थांबवणं हृदयाला महागात पडू शकतं. आणखी एक विचारून घ्या : बाबा झोपेत लाथा-बुक्क्या मारतात का? मारत असतील तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा, ते प्रकरण वेगळं आहे.

प्रश्न : पहाटे सासूबाई गेल्याचं स्वप्न पडलं. पहाटेचं खरं ठरतं म्हणतात. त्यांना सांगू का?

अजिबात नको! स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते आणि त्यातूनच जाग येते, म्हणून पहाटेचीच लक्षात राहतात. खरी न ठरलेली कोण मोजतं? फोन मात्र करा, गुडघे कसे आहेत ते विचारा.