चाळिशी उलटली, अजून भाड्याच्या घरात

"मॅडम, वय 43. पिथमपूरला कायम नोकरी, मुलगी नववीत, डोक्यावर एक रुपयाचं कर्ज नाही. तरी कुणी 'सध्या कुठं राहता?' म्हटलं की घशाला कोरड पडते. इतकी वर्षं कमावून मी केलं काय?"

मी समुपदेशक. हा प्रश्न इंदूरमध्ये माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडून येत राहतो, म्हणून एका घराची गोष्ट सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ आई, पत्नी आणि मुलीसह सुदामा नगरात राहतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, भाडं 14,000. निमित्त झालं मेव्हण्याच्या वास्तुशांतीचं. निपानियाच्या पुढं, बायपासजवळ डुप्लेक्स. पंगतीत एका काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "जावईबापू, तुमची वास्तुशांत कधी?" त्या रात्री यांना झोप नाही. आठवडाभरात त्याच भागातल्या 60 लाखांच्या डुप्लेक्सचं टोकन द्यायला निघाले, तेव्हा पत्नी त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

कर्जाचा सल्ला देणं माझं काम नाही. पण आकडे कागदावर उतरल्याशिवाय अशा वेळी मनातलं बोलणं पुढं सरकत नाही, म्हणून आम्ही आधी हिशोब मांडला. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँकेला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. म्हणजे 12 लाख पदरचे, रजिस्ट्री आणि स्टॅम्पचा खर्च वेगळा. उरलेल्या 48 लाखांवर साडेआठ टक्के व्याज धरलं, तर 20 वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण 41,650. त्यांच्या हातात येतात 78,000. पहिल्या हप्त्यातले 34,000 निव्वळ व्याजाचे. "भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा" हे वाक्य त्यांनी तोवर तीनदा म्हटलं होतं. या आकड्यापाशी ते थांबले. शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा त्यांचं वय 63, आणि नोकरी 60 पर्यंतच.

त्याच सुमारास एक दुसरं जोडपं माझ्याकडे येत होतं. त्यांचं स्वतःचं रो-हाउस, दारात गाडी. 2021 मध्ये व्याज कमी असताना त्यांनी पगाराला पेलेल त्याच्या अगदी टोकाचं कर्ज घेतलं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, आणि त्याबरोबर यांच्या कर्जाचं व्याजही चढलं. हप्ता तेवढाच राहिला, म्हणून हे निश्चिंत. प्रत्यक्षात मुदत लांबत गेली होती. (ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या. तुमचं गृहकर्ज असेल तर हा पर्याय जरूर विचारा.) त्या बाई मला म्हणाल्या, "ताई, घर झालं, आता सुखात असायला हवं ना? मग आम्ही पाहुणे बोलवायचं का बंद केलं?" बाहेरून बघणाऱ्यांना ते घर यशस्वी दिसत होतं, आणि कर्ज काही गेटवर लिहिलेलं नसतं.

स्वतःचं घर हा सुबत्तेचा पुरावा, हे मला मुळातच पटत नाही. 2011 च्या जनगणनेत खेड्यांतली जवळपास 95 टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती, शहरांतली 69 टक्के. म्हणून खेडी शहरांपेक्षा श्रीमंत ठरतात का? या गृहस्थांचा मावसभाऊ सिंगापूरला असतो, त्याचं उदाहरण ते सारखं देत. तिथं दर दहांतली सुमारे आठ माणसं सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकांत राहतात आणि बहुतेक कुटुंबांचं घर स्वतःचं असतं, 99 वर्षांच्या पट्ट्यानं. मग तिथं घर असण्याचं अप्रूप राहत नाही. पोहण्याचा तलाव असलेली खाजगी इमारत हवी होते. मावसभाऊ फोनवर नेमकं त्याचंच दुःख सांगतो, हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःच गप्प झाले.

पण खरी गाठ पुढच्या भेटीत सुटली. मी विचारलं, "घर नाही याची लाज सर्वांत आधी कधी वाटली?" मला वाटलं होतं, मेव्हण्याचं नाव येईल. ते बोलले वडिलांबद्दल. मिल बंद पडल्यावर वडील कुटुंबाला घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरले. ते गेले तेव्हा घरमालकानं सांगितलं, दहावा-तेरावा इथं करायचा नाही. विधी आत्याच्या अंगणात झाले. "माझ्या आईचं असं होऊ नये," एवढंच म्हणाले, आणि खूप वेळ रडले.

ही भीती खरी आहे. भाडेकरार 11 महिन्यांचा असतो, आणि म्हातारपणी कुणी 'खोली खाली करा' म्हणणं काय असतं, ते मी अनेक वृद्धांकडून ऐकलं आहे. ज्याला स्थैर्यासाठी घर हवं, त्यानं जरूर घ्यावं असंच मी म्हणते. पण आईला हक्काचं दार हवं ही एक गरज, आणि काकांना पंगतीत उत्तर द्यायचं ही दुसरी. 60 लाखांचा डुप्लेक्स दुसरीसाठी चालला होता.

मग मी त्यांच्या पत्नीला विचारलं, तुम्हाला काय हवं? तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "सासूबाई रोज पायी अन्नपूर्णा मंदिरात जातात, मुलीची शाळा इथं, शेजार इथला. बायपासला आई दिवसभर एकट्या काय करतील? मला घर हवंय, पण इथंच. छोटं चालेल."

टोकन दिलं गेलं नाही. हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ द्यायचा नाही आणि कर्ज 60 व्या वर्षाच्या आत फिटलं पाहिजे, अशा दोन अटी नवरा-बायकोनं बसून ठरवल्या. त्यात 25 लाखांच्या आसपासचं कर्ज बसतं, म्हणून आता जुन्या इमारतींतल्या सदनिका बघताहेत. लग्नकार्यात आजही कुणी विचारलं की त्यांचा चेहरा पडतो, असं पत्नी सांगते. त्यावर आमचं काम चालू आहे. गेल्या महिन्यात एक सदनिका पसंत पडली होती, पण तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईंसाठी नको म्हणून सोडली.