उत्तर: उपासकाळात रविवारची मिस्सा पुरते का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू बोरिवलीची, लहानपणापासून इंग्लिश मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाणारी, लग्न होऊन वसईला आलीस, आता पाचवा महिना चालू आहे, ऑफिस अंधेरीला, आणि राखेच्या बुधवारपासून, म्हणजे पास्काआधीचा (ईस्टरआधीचा) चाळीस दिवसांचा उपासकाळ लागल्यापासून, सासरी रोज काही ना काही चाललेलं असतं, पहाटेची मिस्सा, शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांवर थांबत करायची प्रार्थना), आळीतली प्रार्थना. तू विचारतेस की मी रविवारी न चुकता जाते, मग बाकीचं सगळं केलंच पाहिजे का, उपास कसा करू आणि नाही केलं तर लोक काय म्हणतील. तुला तू म्हणते हं, माझ्या मुलीएवढी आहेस. मी जन्मापासून इथलीच, वसई पश्चिमेची, तीस वर्षं चर्चच्या गायनमंडळात आहे, त्यामुळे जे बघितलं तेच सांगते.

आधी उपासाचं, कारण त्याची काळजी तुला जास्त दिसतेय. तू उपास करायचा नाहीस. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, आजारी माणूस यांना चर्च उपासातून मोकळंच ठेवतं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, तरी मनाला टोचत असेल तर फादरना एकदा विचार, तेही हेच सांगतील. बाकीच्यांसाठीसुद्धा नियम फार कडक नाही. १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत उपास, तोही सक्तीचा फक्त दोन दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि त्या दिवशीसुद्धा एक वेळ पोटभर जेवायचं आणि दोन वेळा थोडंसं. मांस वर्ज्य मात्र १४ वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना, या दोन दिवशी आणि या काळातल्या शुक्रवारी. चाळीस दिवस मोजताना रविवार धरत नाहीत, कारण रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. म्हणून कॅलेंडरवर बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजलंस तर ४६ दिवस भरतात, त्यातले सहा रविवार काढ.

मासळी चालते का हे तू विचारलं नाहीस, पण इथे सगळेच विचारतात. नियमाने चालते. पण आपण वसईवाले, समुद्र दाराशी, मटण नको म्हणून शुक्रवारी पापलेट आणलं तर आपण सोडलं काय? आमच्याकडे आईने पहिल्यापासून ठरवलं होतं, उपासकाळातल्या शुक्रवारी भात, डाळ आणि एक भाजी, आणि बाजाराचे जे पैसे वाचतील ते पुठ्ठ्याच्या डब्यात. तो डबा राखेच्या बुधवारी चर्चमधून मिळतो आणि शेवटच्या आठवड्यात परत द्यायचा असतो. कारितास इंडिया या चर्चच्या समाजसेवी संस्थेची मोहीम दरवर्षी याच काळात असते, पैसे तिकडे जातात आणि काही भाग गावातल्या गरजू घरांना. उपास, प्रार्थना आणि दानधर्म या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत, राखेच्या बुधवारी वाचतात ते शुभवर्तमान बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं असतं, त्यात तिन्ही येतात, आणि तिन्ही गुपचूप करायला सांगितलंय. तेव्हा लोक काय म्हणतील या प्रश्नाचं उत्तर प्रभूने स्वतःच देऊन ठेवलंय. तू डबा भर, तेवढा उपास तुला पुष्कळ झाला.

आता मूळ प्रश्न. रविवारची मिस्सा हे बंधन आहे, ती तू पाळतेस, कुणी तुला कमी लेखायचं कारण नाही. पण उपासकाळात रविवारी चर्चमध्ये नीट बघ, काय काय काढून घेतलंय ते. ग्लोरिया हे स्तुतिगीत नाही. आलेलुया नाही, पास्कापर्यंत एकदाही नाही. वेदीवर फुलं नाहीत, आणि आपल्या वसईत, जिथे वाडीवाडीत मोगरा आणि चाफा, तिथे वेदी मोकळी दिसली की माझ्यासारखीला अजूनही चुकल्यासारखं वाटतं. ऑर्गनसुद्धा गाण्याला साथ देण्यापुरताच वाजवायचा. आम्हा गायनमंडळाला नवीन पोरं दरवर्षी विचारतात की एवढं संथ का गायचं, मी त्यांना सांगते की घरात कुणी जायच्या वाटेवर असलं की आपण आवाज खाली करतो ना, तसं. चौथ्या रविवारी, यंदा, २०२६ साली, १५ मार्चला, थोडी मोकळीक असते, फादर गुलाबी झगा घालतात, फुलं चालतात, आणि परत दुसऱ्या दिवशी जांभळा. पाचव्या रविवारपासून आमच्याकडे मूर्त्या जांभळ्या कापडाने झाकतात. शुभवर्तमानंसुद्धा यंदा सगळ्यात सुंदर आहेत, तिसऱ्या रविवारी विहिरीवरची शमरोनी बाई, चौथ्याला जन्मांध माणूस, पाचव्याला लाजरस. एकही रविवार चुकवू नकोस कारण ही तिन्ही एकामागोमाग वाचायची आहेत, आधी पाणी मग उजेड मग जीवन, आणि पास्काच्या रात्री पाणी आणि मेणबत्ती हातात आली की ते सगळं एकदम जुळतं.

मराठी मिस्सा समजत नाही म्हणतेस, तर त्याचीही गंमत नाही, खरी अडचण आहे ती, मला कळते. पण माझ्या आजीचं ऐक. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती, फादरांची पाठ लोकांकडे, आणि आजी माळ ओढत बसायची कारण एक शब्द कळायचा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेबद्दलचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ ला आला आणि त्यानंतर हळूहळू मराठी आली. त्याआधी तिला कळेल अशी भक्ती म्हणजे क्रुसाची वाट, कारण ती आपल्या भाषेत म्हणायची मुभा होती. चौदाच्या चौदा स्थानं तिला तोंडपाठ होती, शाळेत कधी गेली नव्हती तरी. इथली जुनी माणसं शुक्रवारला एवढी का धरून आहेत त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. त्यांचा देव आधी शुक्रवारी त्यांच्याशी बोलला आणि मग रविवारी.

आणि शुक्रवारबद्दलच मला तुला मनापासून सांगायचंय.

मीसुद्धा तुझ्यासारखीच होते. चर्चगेटला नोकरी, विरार लोकल, घरी यायला साडेआठ, शुक्रवारची प्रार्थना सुरू झालेली असायची आणि मी मागच्या दाराने घरात शिरायची. रविवारी जातेय ना, तेवढं बास, असं मी आईला चक्क बोलले होते. मग माझे वडील आजारी पडले. अर्धांगवायू, डावी बाजू गेली, बोलणंही अडखळत. चर्चला न्यायचं म्हणजे चार माणसं लागायची. त्या वर्षी उपासकाळ लागला तेव्हा आमच्या आळीच्या समूहातल्या बायका घरी आल्या आणि म्हणाल्या, यंदा पाचवं स्थान तुमच्या अंगणात ठेवू. मी म्हटलं ठेवा, फार विचार केला नाही. शुक्रवारी सात वाजता कोपऱ्यावरच्या क्रुसापासून माणसं निघाली, पुढे दोन पोरं मेणबत्त्या घेऊन, मधे एक जण लाकडी क्रूस घेऊन, दर स्थानाला क्रूस नवीन माणसाच्या खांद्यावर, आणि आमच्या अंगणात थांबली. आम्ही बाबांना खुर्चीवर ओट्यावर आणून बसवलं होतं. पाचवं स्थान म्हणजे कुरेनेकर शिमोन. तो बिचारा शेतावरून घरी येत होता, त्याला शिपायांनी धरला आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. त्याने काही मागितलं नव्हतं. वाचन झालं, सगळे गुडघ्यावर, आणि क्रूस धरलेला पोरगा पुढे आला आणि त्याने तो क्रूस बाबांच्या मांडीवर टेकवला, त्यांचा उजवा हात त्यावर ठेवला. बाबा आयुष्यभर शेतकरी, केळी आणि पानवेल. ते रडले, आणि मी त्यांना आधी कधीच रडताना बघितलं नव्हतं.

त्यानंतर सहा शुक्रवार ते लोक येत राहिले. एका शुक्रवारी मला समजलं की ज्या काकूंशी आमचं बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्यासुद्धा आमच्या अंगणात गुडघे टेकून आहेत. कुणी मिटवामिटवी केली नाही, कुणी काही बोललं नाही, त्या पुढच्या मंगळवारी बाबांसाठी पेज घेऊन आल्या, एवढंच. कन्फेशनमध्ये आपण देवाशी समेट करतो, वर्षातून एकदा तरी करायचाच असतो, आणि आमच्याकडे त्यासाठी शेजारच्या पॅरिशमधून चार-सहा फादर एका संध्याकाळी येतात, लांब रांगा लागतात. पण माणसाशी समेट करायला माणसाच्या अंगणात जावं लागतं, आणि वर्षातले बाकीचे महिने कारणच मिळत नाही. उपासकाळ ते कारण देतो. रविवारी आपण सातशे माणसं एकाच दिशेला तोंड करून बसतो, शेजारच्या बाकावरचं कोण आहे ते मिस्सेत एकमेकांना शांती देतो त्या शांतिभेटीपुरतं कळतं. शुक्रवारी वीस माणसं, एका घरात, कुणाच्या घरचा पंखा बंद आहे, कुणाचा मुलगा नोकरीवरून सुटलाय, कुणाची औषधं परवडत नाहीयेत, ते सगळं न विचारता दिसतं. गरजूंना मदत करणाऱ्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची मंडळी, ज्यांचं काम १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालं आणि आज आपल्या गावापर्यंत आलंय, ती घरभेटी करतातच, पण त्यांना कुठल्या घरी जायचं हे बहुतेक वेळा शुक्रवारच्या समूहातूनच कळतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मधे काही वर्षं ज्यांच्या घरी प्रार्थना असेल त्यांनी समोसे, केक, शरबत ठेवायला सुरुवात केली होती, आणि मग ज्यांना ते जमत नव्हतं ती घरं मागे राहायला लागली. समूहाच्या बैठकीत ठरलं, फक्त पाणी. तुझ्याकडे वेळ आली तर तूही पाणीच ठेव, एक टेबल, त्यावर पांढरं कापड, क्रूस आणि मेणबत्ती. कुणी जास्त काही सुचवलं तर नाही म्हणायला लाजू नकोस.

बाकी लग्नं, हळदी, बँड हे आमच्याकडे या काळात कुणी ठेवत नाही, म्हणून पास्का झाल्यावर एप्रिल-मे मध्ये पत्रिकांचा ढीग येईल, त्याला तयार राहा. रिट्रीटची तीन दिवसांची प्रवचनं असतात, तुला लोकल पकडून जमणार नाही, सोडून दे. पहाटेची मिस्सासुद्धा सोडून दे, झोप घे. पवित्र आठवड्यात मात्र शक्य असेल तर गुरुवार २ एप्रिलला अर्धा दिवस सुट्टी टाक. संध्याकाळच्या मिस्सेत फादर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी ते फक्त पुरुषांचे असायचे, २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, त्यानंतर आमच्याकडे एका वर्षी मासळी विकणाऱ्या एका मावशीचे पाय धुतले होते. त्या नंतर मला म्हणाल्या की आयुष्यात कुणी माझ्या पायांना हात लावला नव्हता, डॉक्टर सोडून. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेला मिस्सा नसतेच, दुपारची उपासना, क्रुसाचं चुंबन, आणि त्या दिवशी चर्चमध्ये जमणारं दान जगभरातून पवित्र भूमीतल्या ख्रिस्ती लोकांसाठी जातं. खूप वेळ उभं राहावं लागतं, तू सरळ बसून घे, कुणी तुला उठवणार नाही, उठवलंच तर माझं उत्तर दाखव.

तर तू विचारलंस की सगळं केलंच पाहिजे का. नाही. एकच कर, शुक्रवार. ट्रेन चुकली तर नवव्या स्थानाला ये, अकराव्याला ये, मधे येऊन उभं राहिलं तरी चालतं, आमच्याकडे निम्मी नोकरीवाली तशीच येतात, खांद्याला पर्स आणि हातात डबा. मराठी उत्तरं जमत नसतील तर पहिले दोन शुक्रवार गप्प ऐक, प्रत्येक स्थानाला तेच शब्द परत येतात, चौदा वेळा ऐकल्यावर तुझे तुलाच यायला लागतील. आणि सासूबाई काही म्हणत नाहीत असं लिहिलंयस, तर या शुक्रवारी तूच त्यांना विचार की आपल्या घरी कुठलं स्थान आहे.

आणखी एक. गुडघ्यावर बसू नकोस, खाली फरशी थंड असते, पाचवा महिना आहे. आपल्याकडे प्रत्येक घरी एक प्लॅस्टिकची खुर्ची म्हाताऱ्यांसाठी ठेवलेली असते, ती मागून घे.