विचारा ना भाऊ : लाइक लय, गिऱ्हाईक नाही

प्रश्न : आमच्या घरी माया बापापासून तान्ह्या पोळ्याचे (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोट्टे घेऊन फिरतात ते) लाकडी नंदी बनतात. मी कोरतो, बायको रंगवते. पोळ्याच्या आधी महिनाभर हातात पैसा राहते, मंग वर्षभर ठणठण. भाच्यानं फेसबुकवर आयडी काढून देल्ली, तिच्यावर फोटो टाकतो तर लाइक लय येतात पण नंदी कोणी घेत नाही. आता फेसबुक 'बूस्ट करा', म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांले दाखवा, असं दाखवते. पैसे टाकू का? आन् बिझनेस पेज वेगळं असते म्हणतात, ते काढू का?
(सेलू तालुका, जि. वर्धा)

उत्तर : भाऊ, बूस्टचं बटन सध्या विसरा. आधी पाहा लाइक करतंय कोण. मामेभाऊ, साळा, शाळेतले दोस्त, आणि यातल्या निम्म्यांच्या घरी तुमचाच नंदी असंल. ते दुसरा कशाले घेतील, सागवानाचा नंदी काय दरवर्षी बदलतात का, पोट्टं मोठं झालं की धाकट्याकडे जातो.

पेज मात्र काढाच. साध्या आयडीवर ५००० च्या वर फ्रेंड होत नाहीत आणि ती मुळात खासगी वापरासाठी असते. पेज फुकट असतं, तुमच्याच आयडीतून निघतं, फॉलोअर कितीही होऊ द्या, वर व्हॉट्सॲपचं बटन लावता येतं. आणि पाहणारे लोक कोणत्या शहरातले आहेत ते इनसाइट्समध्ये, म्हणजे पेजच्या आकडेवारीत, दिसतं, माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच. कारण तुमचं खरं गिऱ्हाईक सेलूत नाहीच, ते आहे पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत. आपलीच वर्धा-नागपूरची पोरं नोकरीले गेली, त्यांना लेकरं झाली, तिकडं सोसायटीत शेजाऱ्यांना तान्हा पोळा म्हणजे काय हे सांगता सांगता नाकी नऊ येतात आणि पोराच्या हाती दोरी द्यायला नंदी नाही! त्यांच्यासाठी लिहा. 'पुण्याला पार्सल पाठवतो, खर्च इतका' हे पोस्टमध्ये पहिल्या ओळीत आलं पाहिजे, आणि तेही आषाढातच, श्रावण अमावस्या तोंडावर आल्यावर टाकून काही उपयोग नाही, नंदी पोचेपर्यंत पोळा फुटून जाईल.

पेजचं नाव 'क्रिएटिव्ह आर्ट्स' वगैरे ठेवू नका, असली नावं ढिगानं आहेत. लाकडी नंदी आणि तुमच्या गावाचं नाव, बस, लोक तेच शोधतात. फोटो सकाळच्या उन्हात अंगणात काढा, मागे एकरंगी चादर, बाजूला लहान पोरगं उभं करा म्हणजे नंदी केवढा ते कळतं. खाली उंची, वजन, लाकूड कोणतं, चाकं आहेत का आणि किंमत. 'किंमत इनबॉक्समध्ये' हा प्रकार मला तर बिलकुल पटत नाही, माणूस विचारायला लाजतो आणि पुढं सरकतो. आणि व्हिडिओ टाका. पटाशीचा आवाज येऊ द्या, वरून गाणं लावू नका. वहिनी नंदीचे डोळे काढतात ना, तेवढंच अर्ध्या मिनिटाचं शूट करा. रेडीमेड नंदी विकणाऱ्याकडं हे नसतं.

व्हॉट्सॲपचं बिझनेसवालं ॲप पण घ्या, तेही फुकट आहे, त्यात कॅटलॉग करता येतो, म्हणजे प्रत्येकाला तेच ते फोटो पुन्हा पुन्हा पाठवायची कटकट नाही. बाकी वर्षासाठी छोटी बंडी, शंकरपटाचा (बैलांच्या शर्यतीचा) छकडा असं शोकेसमध्ये ठेवण्यासारखं काही करून पाहा, ते कधीही खपू शकतं.

हे सगळं जमलं, बिनापैशानं चार अनोळखी लोकांनी किंमत विचारली, की मग ज्या पोस्टवर त्यांनी विचारलं तीच बूस्ट करा. अख्खा महाराष्ट्र निवडू नका, दोनच शहरं निवडा. बुडाले तरी चालतील एवढेच पैसे टाका, वरून १८ टक्के जीएसटी लागतो तो धरून. आणि त्या दिवसांत फोन उचला बाप्पा.

प्रश्न : मी बांबूचे लॅम्प बनवते. पेजवर एकानं मेसेज केला की मी मिलिट्रीत आहे, वीस लॅम्प पाहिजे, ॲडव्हान्स टाकतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. करू का?
(जि. गडचिरोली)

उत्तर : अजिबात नाही ताई. ब्लॉक करा. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतं ना पिन, पिन टाकली की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मिलिट्रीचं नाव, भाव न करता मोठी ऑर्डर, लय घाई, हा जुनाच खेळ आहे. कोणाचे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावायला सांगा, जेवढा उशीर तेवढं परत मिळणं कठीण.

प्रश्न : माझ्या पेंटिंगचं पेज गावातल्या पोरानं काढून दिलं, तो आता नागपूरले गेला. मले काहीच उघडत नाही.
(जि. भंडारा)

उत्तर : पेज त्याच्या आयडीवर निघालंय म्हणून. त्याला सेटिंगमधून तुमच्या आयडीला पूर्ण ॲक्सेस द्यायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे, भांडण व्हायच्या आत करून घ्या. पासवर्ड मागू नका, तो त्याचा स्वतःचा आहे. ॲक्सेस मिळाला की घरातल्या अजून एकाला देऊन ठेवा, आणि 'तुमचं पेज बंद होणार, इथं क्लिक करा' असा मेसेज आला तर तिथं काही भरू नका.