घोळणा फुटला तर वडिलांना दवाखान्यात कधी न्यावं?

१५ मिनिटं नाक दाबून बघा, तीही घड्याळ लावून. तुमच्या वडिलांसारख्या स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला मी घरी याहून जास्त वेळ देणार नाही. तेवढ्यात थांबलं नाही तर निघा आणि गाडीतही नाक दाबूनच ठेवा.

दाबायचं कुठे, इथेच बहुतेकांचं चुकतं. वरचं हाड धरून उपयोग नाही. बहुतेक वेळा रक्त नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातून येतं, म्हणून दोन्ही नाकपुड्यांचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरायचा. बसवायचं, मान जरा पुढे, श्वास तोंडाने. थांबलं का म्हणून मध्येच सोडून बघितलं की धरू लागलेली गुठळी सुटते, मग पुन्हा पहिल्यापासून. आडवं झोपवलं किंवा मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं आणि उलटी होते. कुणी कांदा हुंगवायला आणलाच तर सांगा, दाबलेल्या नाकाने हुंगता येत नाही.

पुढे वाकूनही घशात धार लागली, चक्कर-घाम आला किंवा डोक्याला मार असेल तर १५ मिनिटंही थांबू नका.

निघतानाच फोन करून विचारा: कान-नाक-घसा तज्ज्ञ रात्री येतात का? गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या; त्यात वॉर्फरिन (रक्त पातळ करायची एक गोळी) असेल तर शेवटचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा रिपोर्टही. तिथे नाडी-बीपी बघून सलाईन लावतात, रक्त तपासायला घेतात. बीपी वाढलेला दिसला तर घाबरू नका, भीतीनेही तो वाढतो. मग सक्शनने गुठळ्या काढून औषधात भिजवलेला कापूस नाकात ठेवतात. रक्त येणारी जागा दिसली तर ती सिल्व्हर नायट्रेट या रसायनाने डागतात. नाहीतर पॅक, म्हणजे ओला झाला की फुगणारा स्पंज; घालताना दुखतं, साधारण २४ ते ७२ तास ठेवतात. रक्त मागून येत असेल तर लघवीसाठी वापरतात तीच फुग्याची नळी नाकातून मागे सरकवून फुगवतात. अशा वेळी ॲडमिट करतात. तेही पुरलं नाही तर दुर्बिणीतून रक्तवाहिनी बंद करतात.

गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर हार्ट अटॅक येतो, आणि तो घोळण्यापेक्षा कितीतरी वाईट. पुढचा डोस द्यायचा की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरू द्या. घरी आल्यावर आठवडाभर नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून.